मामा, मला ऐकू येत होतं

पहिले महायुद्ध मी तीस वर्षे शिकवले. १९१६ म्हटले की फळ्यावर व्हर्दूनची लढाई. त्याच वर्षी गिलाँ, बारे आणि स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी हातपाय लुळे पडलेल्या दोन सैनिकांची नोंद केली, हे मला कळले थेट २०२५ च्या जानेवारीत. पुण्यात सिंहगड रस्त्याकडे जीबीएसची साथ आली आणि माझा भाचा त्यात सापडला.

जुलाब थांबून आठवडा झाला होता. मग पायांना मुंग्या आल्या आणि चार दिवसांत श्वास अडला. जंतूंशी लढणारी शरीराची फौज आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. रक्तदाब, हृदयाचे ठोके, सगळेच बेभरवशाचे होते.

ते दोन सैनिक बरे झाले. पण लुळेपणा छातीपर्यंत चढला, तर त्या काळी उपाय नव्हता. पुढे १९५२ साली कोपनहेगनला पोलिओची साथ आली. डॉ. इब्सेन यांनी गळ्याला छेद देऊन नळी घातली, आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रबरी पिशवी दाबत रोग्यांना श्वास दिला. आजच्या व्हेंटिलेटर-कक्षाची सुरुवात तीच.

भाचा अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होता. आता चालतो. परवा म्हणाला, "मामा, मला सगळं ऐकू येत होतं."

आम्ही त्याच्या उशाशी उभे राहून खर्चाचे बोलत होतो.