माओरी चित्रकला : घराच्या फासळ्या आणि कॅनव्हास

न्यूझीलंडमधील समकालीन माओरी चित्रकलेचा विचार करताना 'परंपरेकडून आधुनिकतेकडे' ही मांडणी समीक्षक जवळजवळ सवयीने स्वीकारतात. आधी कोरीव काम, विणकाम आणि गोंदण, नंतर युरोपीय धर्तीच्या कलाशाळा, आणि अखेरीस दोहोंचा संगम, असा हा क्रम. तो सोयीचा आहे. परंतु गिस्बर्नजवळ वाइतुही येथे असलेले 'रोंगोपाई' हे सभागृह या क्रमाच्या आड येते.

ते कोती अरिकिरांगी हा वसाहतवाद्यांशी लढलेला सेनानी आणि रिंगातू पंथाचा संस्थापक. १८८३ मध्ये त्याला माफी मिळाली. तो आपल्या मुलखात परतेल या अपेक्षेने १८८७ मध्ये हे घर बांधले गेले. ते रंगवणारे हात तरुणांचे होते. त्यांनी कोरलेल्या पूर्वजांच्या जागी रंगवलेली माणसे आणली, सोबत झाडे आणली, फुले आणली. वडीलधाऱ्यांना हे रुचले नाही. ते कोती मात्र तेथे पोचलाच नाही. १८८९ मध्ये वाटेतच त्याला अटक झाली. म्हणजे कोणत्याही कलाशाळेचा संबंध येण्यापूर्वी, माओरी समाजाच्या अंतर्गत गरजेतून, आकृतिप्रधान चित्रकला जन्मली होती आणि तिच्यावरचा वादही जन्मला होता.

हा वाद समजून घ्यायचा तर माओरी सभागृह म्हणजे केवळ इमारत नव्हे हे ध्यानात घ्यावे लागते. ते पूर्वजाचे शरीर असते. आढे हा त्याचा कणा, वासे या फासळ्या, दर्शनी बाजूच्या उतरत्या फळ्या हे बाहू. वाशांवर तांबड्या, काळ्या आणि पांढऱ्या रंगांत जी वळणदार नक्षी काढतात ती 'कोफाइफाइ', आणि तिचा मूळ घटक 'कोरू', म्हणजे नेच्याच्या उमलत्या पानासारखे वेटोळे. नक्षी शरीरावर आहे, आणि ते शरीर कुणाचे तरी आहे. 'फाकापापा', अर्थात वंशावळ, या घरात वाचता येते. भूमीलाही असेच नाते आहे. 'फेनुआ' या शब्दाचा एक अर्थ भूमी आणि दुसरा अर्थ वार. बाळाची वार भूमीत पुरण्याची माओरी चाल आहे. 'इथे आपली नाळ पुरली आहे' असे म्हणणाऱ्या मराठी माणसाला हा श्लेष समजावून सांगण्याची गरज नाही.

रोंगोपाईची ही वाट पुढे खुंटली, आणि ती खुंटवण्यात पुनरुज्जीवनाचाही वाटा होता. अपिराना न्गाता यांच्या प्रयत्नांतून १९२६ चा कायदा झाला आणि १९२७ मध्ये रोटोरुआ येथे माओरी कला-हस्तव्यवसाय शाळा निघाली. तिने कोरीव कामाची परंपरा निश्चितपणे वाचवली. पण 'खरे' माओरी काय याची व्याख्याही तिनेच घट्ट केली, आणि रंगवलेल्या भिंती त्या व्याख्येबाहेर राहिल्या. रॉजर नाइक यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात या विसरलेल्या चित्रांची नोंद केली नसती, तर 'परंपरा' या शब्दाचा अर्थ आजही अधिक अरुंद राहिला असता.

दुसरी पिढी शिक्षण खात्यातून आली. गॉर्डन टोव्ही यांच्या योजनेत तयार झालेल्या कलाशिक्षकांमध्ये राल्फ होटेरे, पाराटेने मॅचिट, क्लिफ व्हाइटिंग यांसारखे तरुण होते. १९५८ मध्ये ऑकलंड येथे त्यांच्यापैकी काहींचे प्रदर्शन भरले. आधुनिक माओरी कलेचा इतिहास बहुधा तेथून मोजतात. होटेरे (१९३१–२०१३) हे या पिढीतील सर्वांत अवघड प्रकरण. त्यांचा भाऊ दुसऱ्या महायुद्धात माओरी बटालियनमधून लढताना इटलीत मारला गेला. त्याच्या कबरीच्या भेटीतून 'सांग्रो' चित्रमालिका आली. १९६८ पासूनची त्यांची 'काळी चित्रे' चकचकीत काळ्या पृष्ठभागावर केसासारख्या बारीक रंगरेषा ओढून केलेली आहेत. माओरी विश्वोत्पत्तिकथेत 'ते पो', म्हणजे काळोखाचे युग, सृष्टीच्या आधी येते. त्यामुळे या काळ्याचा अर्थ लावणे फारच सोपे होऊन बसते. स्वतः होटेरे मात्र, आपण जन्माने आणि संगोपनाने माओरी आहोत, पण चित्रांच्या बाबतीत हा योगायोग आहे, अशा आशयाचे बोलत. हे म्हणणे शब्दशः घ्यावे असे मला वाटत नाही, पण बाजूलाही सारता येत नाही. जळालेल्या मासेमारी नौकेच्या लाकडांतून त्यांनी 'ब्लॅक फिनिक्स' (१९८४–८८) उभे केले, तेव्हा एक नेचे वाळले की दुसरे उगवते अशा अर्थाची माओरी म्हण त्यात अक्षरांनी कोरली. कोरूचा आकार तेथे नाही. कोरूची भाषा आहे.

आकारावरून मात्र वादळ उठले. गॉर्डन वॉल्टर्स (१९१९–१९९५) हे युरोपीय वंशाचे चित्रकार. त्यांनी १९५६ पासून कोरूला सरळ पट्टी आणि वर्तुळ अशा भौमितिक रूपात आणले आणि १९६६ मध्ये ती चित्रे माओरी शीर्षकांसह मांडली. १९८० च्या दशकात न्गाहुइया ते अवेकोटुकू यांनी, आणि १९९२ मध्ये सिडनीच्या 'हेडलँड्स' प्रदर्शनाच्या निमित्ताने रांगिहिरोआ पानोहो यांनी, या उचलीवर कठोर टीका केली. फ्रान्सिस पाउंड यांनी १९९४ मध्ये वॉल्टर्सची पाठराखण केली. आकार सर्वांचा असतो, हा पाउंड यांच्या पक्षाचा सूर. परंतु कोफाइफाइला वाशावरून काढले की आकार शाबूत राहतो आणि फासळी नाहीशी होते. सँडी अ‍ॅडसेट यांनीही कोफाइफाइ कॅनव्हासवर आणले आहे, तेव्हा आक्षेप कॅनव्हासला नाही; ज्याच्या शरीरावरची नक्षी घेतली त्याच्याशी घेणाऱ्याचे उत्तरदायित्वाचे नाते आहे का, असा तो आहे. आपल्याकडे देशीयतेच्या चर्चेत हा प्रश्न 'मूळ कुठले' एवढ्यावरच बहुधा थांबतो. मायकल पारेकोफाइ यांनी १९९४ मध्ये वॉल्टर्सचेच एक चित्र मुलांच्या जोडणी-खेळण्याच्या सांगाड्यासारखे धातूत मोठे करून मांडले. शंभर पानांच्या वादापेक्षा हा विनोद मला अधिक समंजस वाटतो.

शेन कॉटन (जन्म १९६४) यांनी त्याच सुमारास रोंगोपाई पुन्हा उघडले. त्यांच्या तपकिरी छटांच्या चित्रांत कुंडीतली झाडे वारंवार येतात. ती एकोणिसाव्या शतकातील रंगवलेल्या घरांतून आली आहेत. १८६५ पासून नेटिव्ह लँड कोर्टाने सामूहिक भूमीचे व्यक्तिगत, आणि म्हणूनच विकता येण्याजोग्या, हक्कांत रूपांतर केले. कुंडी म्हणजे भूमीतून तोडून घेतलेली, मोजता आणि उचलून नेता येणारी माती. तरीही तिच्यात झाड जगते. येथे एक खोच आहे. कॉटन उत्तरेकडील न्गापुही जमातीचे. रोंगोपाई पूर्व किनाऱ्याचे. म्हणजे उसनवारीचा प्रश्न माओरींच्या आतही आहेच, आणि पुढच्या चित्रांत ते ताइआमाई या आपल्या पितृभूमीकडे वळले याकडे त्या दृष्टीनेही पाहता येते.

डिसेंबर २०२० मध्ये ऑकलंड कलादालनात 'तोई तू तोई ओरा' हे प्रदर्शन नायजेल बोरेल यांनी मांडले, ते सनावळीने नव्हे. शून्य, काळोख आणि उजेड या उत्पत्तिकथेच्या टप्प्यांनुसार शंभराहून अधिक कलावंतांची कामे लावली होती. दालनातील क्रमच वंशावळीचा झाला. अशा क्रमात पूर्वज आणि नातू यांच्यात 'आधी' आणि 'नंतर' हे अंतर उरत नाही. पण योगायोगाचा हक्क मागणाऱ्या चित्रकारालाही त्यात आपली जागा वंशानेच मिळते, आणि ती नाकारण्याची मुभा त्याला कितपत राहते हा प्रश्न त्या प्रदर्शनानंतरही शिल्लक आहे.