बंद गाडीचे सोबती

२०१९ च्या पावसाने माथेरानच्या गाडीचा मार्ग घाटात ठिकठिकाणी खचला आणि नेरळहून वर जाणारी गाडी थांबली. त्या काळात एकदा कर्जतकडे जाताना मी मुद्दाम नेरळला उतरलो. छोट्या रुळांमध्ये गवत चांगले घोट्याएवढे वाढले होते. एक आजोबा नातवाला कडेवर घेऊन ते रूळ दाखवत होते. "गाडी कुठंय?" नातवाने विचारले. "येईल," आजोबा म्हणाले. त्यांच्या त्या 'येईल'चे मला कौतुक वाटले आणि काळजीही वाटली. गाडी येईपर्यंत नातू कडेवर बसायच्या वयाचा राहणार नव्हता.

माथेरानकरांना हे दुखणे नवे नाही. आदमजी पीरभॉय घराण्यातल्या अब्दुल हुसेन यांनी पदरचे पैसे घालून बांधलेली ही गाडी १९०७ मध्ये सुरू झाली. पावसाळ्यात घाटातली गाडी बंद ठेवायची, हा तर तिचा नेमच. पण २६ जुलै २००५ च्या त्या भयंकर पावसाने तिला जी बसवली, ती शतक पूर्ण होण्याच्या तोंडावर मार्च २००७ मध्ये उठली. मे २०१६ मध्ये आठवडाभराच्या अंतराने दोनदा डबे घसरले, तेव्हाही गाडी पुढच्या वर्षापर्यंत नव्हती. आणि मग हे २०१९. अशी गाडी दीर्घकाळ बंद असते तेव्हा दुरुस्ती अभियंते करतात. पण तिच्यावर जीव असणाऱ्या माणसांनी त्या काळात काय करायचे? आठवणी काढत बसायचे?

या प्रश्नाचा जुना अनुभव ब्रिटनमध्ये आहे. तिथे माथेरानसारख्याच, दोन फुटांच्या आसपास रुंदीच्या रुळांवर चालणाऱ्या गाड्या होत्या. त्यांतल्या दोघींची गोष्ट सांगतो.

पहिली इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातली, बार्नस्टेपल ते लिंटन. सुमारे ३१ किलोमीटरचा देखणा डोंगरी मार्ग, १८९८ मध्ये सुरू झालेला. मोटारी आल्या, उतारू घटले. गाडी बंद करण्याचा विचार सुरू झाला तेव्हा विरोध करायला लिंटनची मंडळी बार्नस्टेपलला सभेसाठी गेली. ती मोटारीने गेली, असे सांगतात! २९ सप्टेंबर १९३५ ला शेवटची गाडी धावली तेव्हा मात्र लोटालोट गर्दी. दुसऱ्या दिवशी नौदलातल्या एका निवृत्त कॅप्टनने स्टेशनात रुळांच्या टोकाशी पुष्पचक्र वाहिले. गाडी कदाचित मेलेली नसेल, झोपली असेल, असे त्यावर लिहिले होते. पुढे रूळ उखडले गेले, इंजिने भंगारात गेली. पाचांतले 'ल्यू' नावाचे एकच वाचले, ते बोटीत घालून ब्राझीलला पाठवले. लोकांचे प्रेम खोटे नव्हते. पण त्या प्रेमाला करण्यासारखे काही कामच कुणी दिले नाही. हौशी माणसे रेल्वे चालवू शकतात ही कल्पनाच तेव्हा जन्मली नव्हती. लिंटनच्या मार्गाचा एक छोटासा तुकडा पुन्हा सुरू व्हायला २००४ साल उजाडले.

दुसरी वेल्समधली फेस्टिनिऑग. हिच्या नावात दोन 'एफ' हवेत, पण १८३२ च्या कायद्यात एकच छापला गेला आणि कंपनीला कागदोपत्री तोच चिकटला. डोंगरातल्या ब्लायनाऊ गावातून पाटीचा दगड, म्हणजे छपरांना लागणारी स्लेट, पोर्थमडॉग बंदरात उतरवायला ही रेल्वे १८३६ मध्ये सुरू झाली. लांबी बावीसेक किलोमीटर. भरलेल्या वाघिणी उताराने आपोआप खाली येत. त्यांच्याबरोबर घोडेही एका खास वाघिणीत चारा खात खाली येत आणि रिकाम्या वाघिणी ओढत परत वर जात. घोड्यांना इतकी बरी नोकरी क्वचितच मिळाली असेल. १८६३ मध्ये वाफेची इंजिने आली. पुढे छपरांसाठी कौले वापरात आली, स्लेट मागे पडली. १९३९ मध्ये उतारूंची वाहतूक थांबली, १९४६ मध्ये मालाचीही.

इथे एक गंमत झाली. मूळ कायद्यात रेल्वे बांधायची तरतूद होती, मोडायची नव्हती. मोडायची तर संसदेत नवा कायदा हवा, आणि त्याचा खर्च करायला कंपनीकडे पैसे नव्हते. तेव्हा तिने कुलपे लावली आणि गप्प बसली. इंजिने उभी होती तिथेच राहिली, रुळांवर काटेरी झुडपे माजली. लिंटनला जे मिळाले नाही ते फेस्टिनिऑगला असे कायद्यातल्या विसरभोळेपणामुळे मिळाले. ते म्हणजे वेळ.

१९५१ मध्ये शेजारच्या टॅलिलिन रेल्वेवर हौशी मंडळींनी गाडी चालवून दाखवली. त्याच वर्षी लिओनार्ड हीथ हम्फ्रीज नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने ब्रिस्टल शहरात फेस्टिनिऑगसाठी सभा बोलावली. सतरा वर्षांचा मुलगा रेल्वे काढायला निघतो म्हटल्यावर आपण काय म्हणू? आधी परीक्षा दे, म्हणू. पण माणसे जमली, आणि १९५४ मध्ये अ‍ॅलन पेग्लर या उद्योजकाने कंपनीचा ताबा मिळवला. पुढे 'फ्लाइंग स्कॉट्समन' हे प्रसिद्ध इंजिन विकत घेऊन वाचवणारे ते हेच.

पेग्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे केले ते मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. सगळा मार्ग नीट होईपर्यंत थांबायचे नाही, असे त्यांनी ठरवले. २३ जुलै १९५५ ला पोर्थमडॉगहून समुद्राच्या बांधावरून पलीकडच्या बॉस्टन लॉजपर्यंत गाडी सुरू केली. अंतर जेमतेम दीड किलोमीटर. वाफेचे इंजिन तयार नव्हते, म्हणून पहिल्या महायुद्धात आघाडीवर वापरायला बनवलेले एक बुटके पेट्रोल इंजिन जोडले. हसणारे हसले असतील. पण तिकिटे विकली गेली, पैसे आले आणि मुख्य म्हणजे शनिवार-रविवारी झुडपे तोडायला येणाऱ्यांना आपण काय करतो आहोत ते डोळ्यांनी दिसले. मग दरवर्षी थोडेथोडे पुढे. १९५८ मध्ये गाडी टॅन-अ-बुल्खपर्यंत, म्हणजे अर्ध्याहून जास्त वाटेवर पोचली.

आणि पुढे काय, तर पाणी! वीजमंडळाने तानग्रिशाय इथे प्रकल्प काढला होता. रात्रीची जास्तीची वीज वापरून पाणी वरच्या तलावात चढवायचे आणि दिवसा गरज पडली की खाली सोडून वीज करायची. त्याचा खालचा तलाव नेमका रेल्वेच्या जागेवर आला. जमीन सक्तीने घेतली गेली, मार्ग बुडाला. भरपाईचा दावा इतका लांबला की सुमारे एक लाख पौंड हाती पडायला १९७२ साल उजाडले. म्हणजे रेल्वेचा वरचा भाग नुसता बंद नव्हता, तो नाहीसाच झाला होता. इथे माणसे पांगली असती तर दोष कुणाला देणार?

पांगली नाहीत, याचे श्रेय मी 'डिव्हिएशनिस्ट' म्हणवणाऱ्या मंडळींना देतो. तलावाला वळसा घालून नवा मार्ग बांधायचा त्यांनी चंग बांधला. लांबी सुमारे चार किलोमीटर, तीही कड्याकपारींतून. जेराल्ड फॉक्स या तरुण अभियंत्याने आखणी केली आणि २ जानेवारी १९६५ ला, ऐन थंडीत, दिआल्ट इथे पहिले फावडे पडले. बँकेतले कारकून, विद्यार्थी, मास्तर शुक्रवारी रात्री शहरांतून निघत आणि दोन दिवस माती-दगड उपसून सोमवारी कामावर हजर होत. कंपनीतल्या काहींना ही नसती उठाठेव वाटे. आहे ती गाडी चालवायला माणसे पुरत नाहीत आणि हे डोंगर कसले फोडतात? आक्षेप अगदीच चुकीचा नव्हता. पण मला वाटते, खोदायला येणारी माणसे वेगळ्या जातकुळीची होती. त्यांना तिकिटे फाडायला सांगितले असते तर ती आली नसती.

तिथल्या एकाकी जुन्या वाड्यात कर्नल कॅम्पबेल राहत. घराला रस्ताच नव्हता. स्वतःच्या छोट्या इंजिनावरून ते जा-ये करीत, आणि त्यांच्यासाठी रुळांकडेला एक थांबाही झाला. कर्नलसाहेबांकडे सुरुंगाचा परवाना! स्वयंसेवकांना त्यांनी आपल्या गोठ्या-कोठारांत निवारा दिला आणि खडक फोडून दिले. उंची गाठण्यासाठी दिआल्टला मार्ग स्वतःभोवतीच गोल वळवून स्वतःच्याच डोक्यावरून नेला आहे.

१९६८ मध्ये उतारूंची गाडी दिआल्टपर्यंत येऊ लागली. तिचा मला फार महत्त्वाचा वाटणारा परिणाम असा, की खिडकीतून सहज बाहेर बघणाऱ्या पाहुण्याला समोर डोंगरावर चिखलाने माखलेली माणसे काम करताना दिसत. बंद भाग लपवला नाही, तोच दाखवला. संस्थेचे नियतकालिक सभासदांच्या घरी जाई. सहा महिन्यांतून एकदा येणाऱ्यालाही गेल्या खेपेपेक्षा भराव किती पुढे सरकला हे कळे, आणि त्यात आपली चार घमेली आहेत हेही.

सगळे फुकटच्या श्रमांनी झाले असे मात्र मी सांगणार नाही. नवा बोगदा कॉर्नवॉलच्या खाणींत मुरलेल्या माणसांनी मजुरी घेऊन खोदला, आणि शेवटी बेकारांना काम देणाऱ्या सरकारी योजनेचाही हात लागला. १९७८ मध्ये गाडी तानग्रिशायला पोचली. २५ मे १९८२ ला ती ब्लायनाऊ गावात शिरली तेव्हा पोर्थमडॉगची पहिली गाडी सुटल्याला सत्तावीस वर्षे होत होती. १९६५ मध्ये फावडे उचललेला विशीतला तरुण चाळिशीकडे झुकला होता.

आता आपल्याकडे. माथेरानची गाडी भारतीय रेल्वेची आहे. तिथे कुणी फावडे घेऊन घाटात शिरावे असे मी मुळीच सुचवत नाही, सुरुंग तर नकोच. पण तो दीड किलोमीटरचा धडा इथेही नकळत गिरवला गेला. घाट बंद असतानाही अमन लॉज ते माथेरान ही तीनेक किलोमीटरची शटल आधी सुरू झाली, २०१७ मध्ये आणि २०१९ च्या अखेरीसही. मोटारींना बंदी असलेल्या गावाला तिचा आधार होताच, शिवाय शिट्टी ऐकू येत राहिली. उणे होते ते बाकीचे. खचलेला मार्ग कुठे, किती दुरुस्त झाला, याची छायाचित्रे नेरळच्या फलाटावर महिन्याला एक अशी लागली असती, तर त्या आजोबांना नातवाला दाखवायला नुसत्या गवताखेरीज काहीतरी मिळाले असते. शाळेच्या सहली नेरळला आणून जुने इंजिन आणि घाटाचा नकाशा दाखवता आला असता. माथेरानची जुनी इंजिने चालवलेली, रूळ राखलेली माणसे त्या परिसरात आहेत. त्यांना बोलते करायला गाडी सुरू असावी लागत नाही. उलट बंद काळात त्यांना वेळ असतो.

२२ ऑक्टोबर २०२२ ला नेरळ-माथेरान गाडी पुन्हा सुरू झाली. त्यानंतर एका सकाळी मी तिकिटाच्या रांगेत उभा राहिलो. खिडकीपाशी पोचेपर्यंत जागा संपल्या. पुढच्या आठवड्यात आणखी लवकरची लोकल पकडली.