कजोड्याचे हसू

सुरतेत १८४४ साली दुर्गाराम मेहताजी आणि आपले व्याकरणकार दादोबा पांडुरंग प्रभृतींनी मानवधर्म सभा स्थापिली, तेव्हा त्याच गावचा महीपतराम रूपराम पंधरा वर्षांचाही नव्हता. पुढे सुधारक म्हणून गाजलेल्या ह्याच गृहस्थाने १८६६ साली ‘भवाई संग्रह’ छापावा, ह्याचे नवल वाटते. कारण गुजराथच्या ह्या लोकनाट्याचा ग्राम्यपणा सुशिक्षितांना असह्य झाला होता. रणछोडभाई उदयराम तर त्या तिटकाऱ्यानेच शिष्ट नाटकाकडे वळले.

भवाईतील प्रत्येक खेळास ‘वेश’ म्हणतात. त्यांतला ‘कजोडा’ घ्या. भरज्वानीतली ठकराणी आणि नवरा म्हणजे एक पोर! त्या जोडीवरची चावट थट्टा आज ऐकवणार नाही. पण तिचा रोख पोरावर नाही. त्याच्या गळ्यात ही गाठ मारणाऱ्या वडीलधाऱ्यांवर आहे. १९२९ चा शारदा कायदा अजून फार दूर होता. समोरच्या प्रेक्षकांतही असले नवरे बसलेले असतील. देवलांनी १८९९ साली ‘शारदे’त हसे केले तेही जरठ वराचे, शारदेचे नव्हे.

अतिरेक होतो तो निराळ्याच ठिकाणी. भवाईत स्त्रीवेश पुरुषच घेत, त्यांना कांचळिया म्हणत, आणि त्यांत कोवळी मुलेही असत. कजोडा हे नुसते सोंग; लुगडे नेसलेला मुलगा मात्र खरा, आणि द्व्यर्थी बोल त्याच्याच अंगावर पडत. आपल्या तमाशातील नाच्या पोऱ्याची कथा ह्याहून वेगळी नव्हे. लावणीचे कौतुक करताना आपण त्याला सोयीस्करपणे विसरतो. कजोड्याला मी मोकळेपणाने हसू शकतो; त्या कांचळियाची आठवण झाली की हसू आवरते.