गाडीचा नंबर, फ्लेन्सबुर्गचे दफ्तर आणि आपण



ऑटोबानवर पोलिसांची गाडी थोडा वेळ आपल्या मागे राहते, मग पुढे येते आणि तिच्या मागच्या पाटीवर 'बिट्टे फोल्गेन' असे लाल दिवे लागतात. आपण काच खाली करेपर्यंत त्यांना गाडी कोणाच्या नावावर आहे हे ठाऊक असते! हे कसे, असा प्रश्न मंडळाच्या कार्यक्रमात नेहमी निघतो, म्हणून आम्ही ही माहिती एकत्र केली आहे.

नंबरातली पहिली अक्षरे शहराची किंवा जिल्ह्याची: एम म्हणजे म्युनिक, एस म्हणजे श्टुटगार्ट, आपल्या एमएच-१२ सारखेच. ही पद्धत १९५६ पासूनची. मात्र २०१५ पासून दुसऱ्या जिल्ह्यात राहायला गेले तरी जुना नंबर ठेवता येतो, त्यामुळे अक्षरांवरून मालकाचे गाव ओळखणे आता बेभरवशाचे झाले आहे.

नोंदणी गावातल्या त्सुलासुंगश्टेलेत होते आणि तिथून माहिती क्राफ्टफार्ट-बुंडेसाम्टकडे (केबीए) जाते. १९५१ मध्ये स्थापन झालेले हे कार्यालय डेन्मार्कच्या सीमेजवळ फ्लेन्सबुर्गला आहे. तिथल्या दफ्तरांपैकी तीन आपल्यासाठी महत्त्वाची आहेत. पहिले वाहनांचे: नंबर, चासी क्रमांक, गाडीचा तपशील, विमा कंपनी आणि 'हाल्टर'चे, म्हणजे ज्याच्या नावावर गाडी आहे त्याचे, नाव, जन्मतारीख, पत्ता. दुसरे लायसन्सचे, १९९९ पासूनचे. तिसरे गुन्ह्यांचे, ज्याला सगळे नुसते 'फ्लेन्सबुर्ग' म्हणतात. ते १९५८ मध्ये सुरू झाले, १९७४ मध्ये त्यात पॉइंट आले, आणि मे २०१४ पासून नवी पद्धत आहे: आठ पॉइंट झाले की लायसन्स जाते. गाडी चालवताना फोन हातात धरला तर १०० युरो आणि एक पॉइंट.

पोलीस गाडीतूनच किंवा वायरलेसवर ठाण्याला विचारून 'त्सेव्हिस' या प्रणालीतून ही माहिती काढतात. नंबर दिला की गाडी आणि हाल्टर कळतो. गाडी चोरीची आहे का, हे ते स्वतःच्या शोधयादीत पाहतात. चालकाचे लायसन्स मात्र नंबरावरून सापडत नाही, त्यासाठी नाव आणि जन्मतारीख लागते. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर तीन टेबले आहेत आणि नंबर प्लेट ही फक्त पहिल्याची किल्ली आहे. कोणी कधी काय विचारले याची नोंद राहते, त्यामुळे हवालदाराने शेजाऱ्याचा नंबर सहज गंमत म्हणून पाहिला तर तो स्वतःच अडचणीत येतो.

हाल्टर आणि चालक हा फरक इथे फार महत्त्वाचा. भारतात ई-चलान थेट मालकाच्या मोबाईलवर येते. जर्मनीत वेगमर्यादा मोडल्याची शिक्षा चालवणाऱ्याला असते, म्हणून कॅमेरा समोरून चेहऱ्यासकट फोटो काढतो. हाल्टरला पत्र येते: गाडी कोण चालवत होते? स्वतःविरुद्ध किंवा पती-पत्नी, आईवडील, मुले, भावंडे यांच्याविरुद्ध सांगायची सक्ती नाही. पण चालक सापडलाच नाही तर कार्यालय 'फार्टनबुख' लादू शकते, म्हणजे पुढचे काही महिने प्रत्येक फेरीची लेखी नोंद! पार्किंगच्या बाबतीत चालक मिळाला नाही तर चौकशीचा खर्च हाल्टरच्या माथी बसतो. कंपनीची गाडी असेल तर पत्र आधी कंपनीला किंवा लीजिंगवाल्यांना जाते, आणि तिथून आपले नाव कळवले जाते.

आता पिवळ्या पाकिटाविषयी. दंडाचा आदेश पिवळ्या पाकिटातून येतो. पोस्टमन त्यावर तारीख लिहून ते पेटीत टाकतो आणि त्या क्षणी ते 'मिळाले' असे कायदा मानतो. हरकत घ्यायला त्या तारखेपासून दोन आठवडे. आमच्यापैकी एका घरी हे पाकीट आले तेव्हा सगळे महिनाभर पुण्याला होते! अशा वेळी परत आल्यापासून एका आठवड्याच्या आत, तिकिटाची प्रत जोडून, मुदत पूर्ववत करण्याचा अर्ज हरकतीसह करता येतो. सुट्टीला जाताना पेटीची किल्ली शेजारच्या काकूंकडे देणे जास्त सोपे. घर बदलल्यावर गाडीच्या कागदावरचा पत्ताही लगेच बदलून घ्यावा, नाहीतर पत्रे जुन्या घरी जात राहतात.

सर्वात गंभीर गोष्ट भारतीय लायसन्सची. इथे राहायला आल्यापासून ते सहा महिनेच चालते (मुक्काम बारा महिन्यांपेक्षा जास्त नाही हे दाखवता आले तर मुदत वाढवून मिळू शकते). भारताचे लायसन्स परीक्षेशिवाय बदलून मिळत नाही. लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्ही द्याव्या लागतात. सातव्या महिन्यात पोलिसांनी थांबवले आणि लायसन्सच्या दफ्तरात आपले नाव नसले, तर तो साधा दंड नाही, फौजदारी गुन्हा आहे. आणि अशा मित्राला गाडी चालवू देणारा हाल्टरही त्यात सापडतो. 'जरा बेकरीपर्यंत जाऊन येतो' म्हणणाऱ्याला किल्ली देण्याआधी तारीख विचारा, राग आला तरी चालेल.

रस्त्यावरचे कॅमेरे सर्वांचे नंबर वाचून ठेवतात का? नाही. कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयाने २००८ मध्ये हेसन आणि श्लेस्विग-होल्श्टाइन या राज्यांचे असे कायदे रद्दबातल ठरवले. डिसेंबर २०१८ च्या निकालात तर, यादीशी न जुळलेला नंबर लगेच पुसला तरी तो वाचणे हीच माणसाच्या हक्कात ढवळाढवळ आहे, असे म्हटले. तिला कायद्याचा ठोस आधार आणि पुरेसे कारण हवे. २०२१ पासून गुन्ह्याच्या तपासात ठरावीक गाड्या शोधण्यासाठी मर्यादित मुभा आहे.

सामान्य माणसाला नंबरावरून मालक कळतो का? सहज नाही. पण कोणी आपली उभी गाडी ठोकून गेला आणि नंबर टिपलेला असेल, तर भरपाईचे कारण दाखवून त्सुलासुंगश्टेलेत हाल्टरचे नाव-पत्ता मागता येतो. त्याहून सोपे म्हणजे 'त्सेंट्रालरूफ डेर आउटोफरझिशरर'ला फोन करणे. नंबर सांगितला की ते समोरच्याची विमा कंपनी सांगतात.

स्वतःचे पॉइंट किती झाले हे केबीएकडून फुकट कळते. पत्र पाठवून विचारता येते, किंवा आउफएंटहाल्ट्सटीटेल कार्डाची ऑनलाइन सोय सुरू केलेली असेल तर घरबसल्या.