तंजावरची छत्रे कोणाची?

१८०१ च्या जानेवारीत तंजावरचे राजे दुसरे सरफोजी यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या रेसिडेंटला, बेंजामिन टोरिन याला, एक लांबलचक पत्र लिहिले. सव्वा वर्षापूर्वीच, ऑक्टोबर १७९९ च्या तहाने, त्यांचे राज्य कंपनीच्या कारभारात गेले होते. राजाकडे किल्ला, त्याच्या भोवतालचा थोडा भाग, वर्षाला एक लाख पॅगोडा आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले होते. अशा माणसाने मानपान मागावा, तोफांची सलामी मागावी, तर कोणाला नवल वाटले नसते. पण या पत्राचा विषय आहे भात. रामेश्वरच्या वाटेवरची छत्रे आणि त्यांना लावून दिलेली गावे आपल्या देखरेखीखाली राहू द्या, अशी ती विनंती आहे.

छत्र म्हणजे काय, हे आपल्याकडच्या वाचकाला ‘अन्नछत्र’ या शब्दावरून अर्धे कळते. तमिळमध्ये याच वास्तूला ‘सत्तिरम’ म्हणतात. संस्कृत ‘सत्र’ हे दोघांचे मूळ. धर्मशाळा, भोजनशाळा, पाठशाळा आणि दवाखाना एका आवारात, आणि ते चालवायला शेताचे उत्पन्न, असा हा प्रकार. काशीचे यात्रेकरू गंगेचे पाणी घेऊन रामेश्वरला जात आणि तिथली वाळू घेऊन परत जात. त्यांचा बराचसा रस्ता तंजावरच्या मुलखातून होता. त्या रस्त्यावर भोसले घराण्याने थोड्याथोड्या अंतरावर छत्रे बांधली, आणि त्यांपैकी कितीतरींना राजघराण्यातल्या बायकांची नावे दिली. नीडामंगलमचे यमुनांबापुर, शिवाय द्रौपदांबापुर, सुलक्षणांबापुर, राजकुमारांबापुर. सरफोजींनी १८०२ मध्ये ओरत्तनाडूला बांधले ते मुक्तांबापुर. मुक्तांबा ही त्यांची लग्नाची राणी नव्हती. तरीही सर्वांत नावाजलेले छत्र तिच्याच आठवणीसाठी उभे राहिले, ही गोष्ट मला कुठल्याही दरबारी स्तुतीपेक्षा जास्त बोलकी वाटते.

टोरिनला लिहिलेल्या पत्रात छत्रातला दिवस कसा जातो ते सांगितले आहे. ब्राह्मण, जोगी, जंगम, अतीत, फकीर, कोणीही येवो, शिजवलेला भात मिळतो. शिजवलेला चालत नसेल त्याला शिधा मिळतो. वाढणे मध्यरात्रीपर्यंत चालते. मग घंटा वाजवून पुकारा होतो, की कोणी जेवायचे राहिले असेल तर यावे. वाटसरू आजारी पडला तर वैद्य आणि पथ्यपाणी. साप-विंचवाच्या विषावर उतारा जाणणारेही असतात. बाळंतिणीची सोय असते, तान्ह्या मुलाला दूध असते. वेद शिकवणारे असतात आणि साधा पंतोजीही असतो. परमुलखातून आलेल्या माणसांची पोरकी मुले या पंतोजीच्या हवाली केली जातात. त्यांना तीन वेळा जेवण, चार दिवसांनी एकदा तेल लावून न्हाऊ घालणे, आणि ज्या विद्येकडे ओढा असेल ती विद्या. या धर्मादायामुळेच तंजावरचे नाव आहे आणि ते टिकणे हाच आपला मान, अशा आशयाचे राजाचे म्हणणे आहे.

हे पत्र पुढे विल्यम हिकीच्या १८७४ च्या तंजावरविषयक पुस्तकात छापले गेले, म्हणून ते सहज वाचता येते. वाचताना सावध राहावे लागते, हे खरे. हातातून काही सुटत असताना माणूस त्याचे वर्णन जरा उजळच करतो. पंगतीत जातीप्रमाणे वेगळे बसवले जात होते, ब्राह्मणांचा वाटा मोठा होता, आणि वेदांचे अध्यापक ज्या मुलांना शिकवत ती कोणत्या घरची होती हेही उघड आहे. पण तेल लावण्याचा दिवस नेमून देणारा तपशील कोणी शोभेसाठी रचत नाही. तो जमाखर्चातून येतो. कोणीतरी कारकून मोडीत तेलाचा हिशेब लिहीत होता, म्हणून राजाला चौथा दिवस ठाऊक होता.

हा कारकून मला महत्त्वाचा वाटतो. चेन्नईत राहून तंजावरी मराठ्यांविषयी बोलणे निघाले, की दोन गोष्टी हमखास येतात. एक सांबार, आणि दुसरी दिवाणांची यादी. यादी खोटी नाही. कुंभकोणमला १८२८ मध्ये जन्मलेले टी. माधवराव मद्रासला शिकले, त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झाले, १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे स्वागताध्यक्ष झाले. रघुनाथराव इंदूरचे दिवाण झाले आणि रानड्यांच्या बरोबरीने सामाजिक परिषदेच्या कामात पडले. पण ही माणसे मोठी झाली ती गाव सोडून. जिल्हा चालत होता तो मागे राहिलेल्यांच्या लेखणीवर. त्यांची नावे कोणी घेत नाही. मोडी दफ्तराचे रुमाल मात्र सरस्वती महालात राहिले. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने त्यांतल्या निवडक कागदांचा तमिळ अनुवाद १९८९ मध्ये तीन खंडांत काढला, आणि के. एम. वेंकटरामय्या यांनी त्याच कागदांवरून मराठा काळातल्या कारभाराचे आणि समाजजीवनाचे पुस्तक लिहिले. आज तंजावरच्या मराठी दफ्तरात डोकवायचे तर मला तमिळ वाचावे लागते. याची खंत वाटावी असे मला वाटत नाही. ज्यांच्या जिल्ह्याचे कागद, त्यांनी ते आपल्या भाषेत आणले.

राजाच्या हयातीत बरीचशी छत्रे त्याच्या देखरेखीखाली राहिली. सरफोजी १८३२ मध्ये वारले. त्यांचा मुलगा शिवाजी १८५५ च्या ऑक्टोबरात औरस पुत्रावाचून वारला आणि डलहौसीच्या कारकिर्दीत गादी खालसा झाली. पुढच्या वर्षी कंपनीचे अधिकारी शिपाई घेऊन राजवाड्यात शिरले आणि दागिने, शेते, खाजगी मालमत्ता, सगळ्यावर मोहोर उठवली. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाईंनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला. जॉन ब्रूस नॉर्टन हा मद्रासचा नामांकित वकील राणीच्या बाजूने उभा होता. राज्य गेले ते गेले, पण खाजगी मालमत्ता ही विधवेची आहे, हे तिचे म्हणणे. मद्रासच्या कोर्टाने ते मान्य केले.

१८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. ही जप्ती कंपनीने सार्वभौम सत्ता म्हणून केलेली राजकीय कृती आहे, ती न्याय्य असो वा अन्याय्य, त्याचा विचार करण्याचा अधिकार न्यायालयाला नाही, असा त्याचा मथितार्थ. हा खटला भारतातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना अजून शिकवला जातो. त्यातल्या बाईंचे नाव मात्र इंग्रजी अहवालात असे काही लिहिले आहे की मराठी माणसाला ते पटकन ओळखू येऊ नये. १८६२ मध्ये सरकारने मालमत्ता राणीकडे परत दिली, पण हक्क म्हणून नव्हे, कृपा म्हणून. मग हक्क कोणाचा हा वाद राण्याराण्यांतच पेटला आणि १८६८ मध्ये मद्रास हायकोर्टात पोचला.

या भांडणात एक प्रश्न बाजूला पडला. राजाची खाजगी दौलत आणि राजाने लोकांसाठी लावून दिलेली दौलत यांतली रेघ कुठे? सरफोजींचे १८०१ चे म्हणणे होते की छत्रांची गावे ही राजाच्या चैनीची नाहीत. कंपनीच्या नजरेत मात्र जमीन एक तर सरकारी, नाहीतर खाजगी. छत्र दोन्हींत बसत नव्हते. शेवटी उत्तर मिळाले ते अनपेक्षित दिशेने. १८६६ मध्ये तंजावर आणि कुंभकोणम येथे नगरपालिका आल्या. १८७१ च्या स्थानिक निधी कायद्याने आणि नंतर १८८४ च्या कायद्याने जिल्ह्याची मंडळे आली. रस्ते, पूल, देवी काढणे यांच्याबरोबर छत्रेही यथावकाश मंडळाच्या खात्यात आली. राजघराण्याचा धर्मादाय ही जिल्हा बोर्डाच्या अंदाजपत्रकातली एक बाब झाली. इतर जिल्ह्यांच्या बोर्डांना असा आयता वारसा क्वचितच मिळाला असेल.

याच बोर्डाने आणखी एक गोष्ट केली, आणि ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. त्याने स्वतःची रेल्वे काढली. जमिनीच्या सालिना उत्पन्नावर रुपयामागे तीन पै जादा कर बसवून पैसे साठवले आणि १८९४ मध्ये मायावरम ते मुत्तुपेट हा मीटरगेज मार्ग उघडला. पुढे तो अरंतांगीपर्यंत गेला. गाड्या चालवत होती साउथ इंडियन रेल्वे, मालकी मात्र बोर्डाची. जिल्ह्यातल्या भातशेतीवाल्यांच्या पैशाने झालेली, जिल्ह्याच्या मालकीची आगगाडी! हिंदुस्थानात जिल्हा बोर्डाने काढलेली ही पहिली रेल्वे मानतात.

आगगाडीने छत्रांखालची वाटच काढून घेतली. विसाव्या शतकाच्या आरंभी रूळ मदुरेहून मंडपमपर्यंत पोचले, १९१४ मध्ये पांबनचा पूल झाला आणि यात्रेकरू बसल्या जागी रामेश्वरला जाऊ लागला. पायी चालणाराच उरला नाही तर मध्यरात्रीची घंटा कोणासाठी वाजवायची? शेतांचे उत्पन्न मात्र दर हंगामाला येतच होते. मोठे स्वयंपाकघर, मोठे उत्पन्न आणि पंगत रिकामी. अशा वेळी प्रश्न पुन्हा वर येतो, की हा पैसा कोणाचा.

१९२० च्या दशकात तो विचारला ए. टी. पन्नीरसेल्वम यांनी. जस्टिस पक्षाचे हे बॅरिस्टर तेव्हा तंजावर जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष होते. बोर्डाच्या अखत्यारीतल्या तिरुवैयारूच्या राजा कॉलेजात फक्त संस्कृत शिकवले जाई, म्हणजे व्यवहारात ते एका जातीचे कॉलेज होते. ओरत्तनाडू आणि राजामडम येथील छत्रांच्या आवारातली विद्यार्थ्यांची सोयही तशीच. राजांनी हे संस्कृतसाठीच दिले आहे, असे सगळे धरून चालले होते. तमिळ इतिहासकार सांगतात की पन्नीरसेल्वम आणि त्यांचे बोर्डातले सहकारी, करंदै तमिळ संघाचे उमामहेश्वरम पिळ्ळै, यांनी मूळ दानपत्रे काढवून वाचून घेतली. त्यांत विद्येसाठी असे होते, फक्त संस्कृतसाठी असे नव्हते. तिरुवैयारूला तमिळचे शिक्षण सुरू झाले. ओरत्तनाडू आणि राजामडमची वसतिगृहे ब्राह्मणेतर मुलांना खुली झाली.

तंजावरी मराठी घरांतली बहुतेक कुटुंबे देशस्थ. त्या काळी त्यांना हा निर्णय गोड लागला नसणार. द्रविड चळवळीच्या बाजूने तो उत्तर दिशेकडून आलेल्यांच्या भाषेवरचा विजय म्हणून सांगितला जातो. मला दोन्ही बाजूंचे सांगणे अपुरे वाटते. मराठी राजाने जे लिहून ठेवले होते, ते शंभर वर्षांनी तमिळ माणसांनी शब्दशः वाचले आणि त्याच्या नावाने चाललेल्या रूढीविरुद्ध वापरले. जोगी, जंगम आणि फकीर यांना एका वाक्यात बसवणाऱ्या सरफोजींच्या पत्राशी हा निर्णय जास्त जवळचा आहे, की एकाच जातीच्या मुलांची पंगत जास्त जवळची, हे वाचकाने ठरवावे. माझे मत मी लपवत नाही.

पन्नीरसेल्वम पुढे मद्रास सरकारात मंत्री झाले. १ मार्च १९४० रोजी लंडनला जाताना ओमानच्या आखातावर त्यांचे ‘हॅनिबल’ हे विमान नाहीसे झाले, ते सापडलेच नाही.

सरस्वती महालाची गोष्ट याच काळात याच धाटणीने घडली, फक्त आवाज न होता. राजघराण्याच्या वारसांचे कज्जे मिटताना ते ग्रंथालय १९१८ मध्ये सार्वजनिक झाले. सरफोजींच्या पुस्तकांची कपाटे एखाद्या वारसाच्या वाट्याला जाऊन लिलावात निघणे अशक्य नव्हते. त्याऐवजी आज कोणीही तिथे जाऊन बसू शकतो. १८५९ मध्ये न्यायालयाने जो प्रश्न हाती घ्यायला नकार दिला, त्याचे उत्तर ग्रंथालयापुरते तडजोडीने मिळाले आणि छत्रांपुरते बोर्डाच्या सभेत मिळाले.

बोर्डही राहिले नाही. १९५८ च्या मद्रास पंचायत कायद्यानंतर जिल्हा बोर्डे गेली. जुन्या तंजावर जिल्ह्याचेही तुकडे झाले. १९९१ मध्ये नागपट्टणम वेगळे निघाले, १९९७ मध्ये तिरुवारूर, २०२० मध्ये मायिलाडुतुरै, म्हणजे जिथून ती बोर्डाची गाडी सुटत असे ते मायावरम. छत्रे जिल्हाधिकाऱ्यांकडे आली. तंजावरच्या कलेक्टर कचेरीत छत्रांच्या कारभारासाठी आजही एक स्वतंत्र तहसीलदार असतो. राण्यांच्या नावांच्या त्या जमिनींचे खंड वसूल करणे, थकबाकीच्या नोटिसा काढणे आणि वसतिगृहांचा खर्च पाहणे हे त्याचे काम. त्याच्या फायली तमिळमध्ये असतात.