पोलिओ, लुळेपणाविना होणारा

पोलिओचा विषाणू शिरलेल्या दर 100 मुलांपैकी सुमारे 70 मुलांना काहीच जाणवत नाही. साधारण 25 जणांना दोन-तीन दिवस ताप, घसादुखी किंवा उलट्या होतात आणि घरचे ‘हवा बदलली’ म्हणून सोडून देतात. 1 ते 5 मुलांत विषाणू मेंदूच्या आवरणाला सूज आणतो. मान-पाठ ताठते, डोके ठणकते, पण काही दिवसांत मूल पूर्ण बरे होते. काटेकोर अर्थाने पक्षाघातविरहित पोलिओ तो हाच. हातपाय लुळे पडतात ते सुमारे 200 त एकाचे.

धोका उरलेल्यांकडून असतो. विषाणू घशात आणि आतड्यात वाढतो आणि विष्ठेतून कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो. न धुतलेले हात, दूषित पाणी आणि अन्न यांतून तो दुसऱ्याच्या तोंडात जातो. हसते-खेळते मूलही तो पसरवते.

अहिल्यानगर जिल्ह्यात याचा अर्थ ऊसतोडीच्या हंगामात नीट कळतो. पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागांतून टोळ्या कारखान्यांच्या पट्ट्यात उतरतात. शेताकडेच्या पाचटाच्या कोप्यांत संडास नसतो, पिण्याचे पाणी मिळेल तिथून आणावे लागते, लहान मूल आईबरोबर फडातच असते. गावच्या यादीत त्याचे नाव असते, पण लसीकरणाच्या दिवशी ते गावात नसते. म्हणून पल्स पोलिओत ऊसतोड वस्त्या, वीटभट्ट्या आणि बसस्थानके वेगळी गाठावी लागतात. डोस पाजल्यावर डाव्या करंगळीवर शाईची खूण केली, की ते मूल कोणत्याही मुक्कामी ओळखता येते. अशी फिरती मुले हीच मोहिमेची खरी कसोटी. जामखेडला 1970 पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. घराघरात ओळख असलेली अशी बाई इथे फार उपयोगी पडते.

15 वर्षांखालच्या मुलाचा हातपाय अचानक लुळा पडला, की 24 तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घेऊन शीतपेटीतून प्रयोगशाळेत पाठवतात. लक्षणेच नसलेली लागण या चाळणीतून निसटते. त्यासाठी मुंबईत 2001 पासून सांडपाण्यातही विषाणू शोधला जाऊ लागला.

भारतातला रानटी विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये हावड्यात आढळला. मार्च 2014 मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. तोंडावाटे द्यायच्या थेंबांसोबत आज बाळाला सहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात, तसेच नवव्या महिन्यात टोचून द्यायची लसही मिळते.