तळटीप : शिंगखत आणि तांबडी वाइन

‘बायोडायनॅमिक’ बाग : रुडॉल्फ स्टायनर यांच्या १९२४च्या व्याख्यानांतून निघालेली शेतीपद्धत. गाईच्या शिंगात ताजं शेण भरून ते थंडीभर मातीत पुरतात. उकरल्यावर निघतं काळं, भुसभुशीत, शेणाचा वास पार गेलेलं खत. ते अगदी थोडंसं पाण्यात टाकून तासभर उलटसुलट ढवळतात आणि सांजवेळी बागेतल्या जमिनीवर शिंपडतात. आमच्या द्राक्षमळेवाल्यांनी हे जरूर करून पाहावं; वाइन तर आमच्याकडेही पोचली आहे. उंब्रजला तारळी नदीला पोटात घेऊन कृष्णा पुढे पलूस तालुक्यात उतरते, तिथे राज्याच्या २००१च्या वाइन धोरणानंतर वाइन पार्क आलं. तासगावची ‘तास-ए-गणेश’ द्राक्षं मात्र खाण्याची नि बेदाण्याची. तांबड्या वाइनला शिराझ, कॅबर्नेसारखी काळी द्राक्षं लागतात, आणि ती सालीसकट आंबवतात. रंग सालीतूनच उतरतो. — संपा.